मूस आणि घडण

मराठी घरांत बालकाचा सोनाराशीं पहिला संबंध येतो तो कान टोचण्याच्या दिवशीं. कान सोनारानेंच टोचावे ही म्हण आपण बोलण्यांत भलत्याच अर्थानें वापरतों; तिचा मूळचा अर्थ अगदीं साधा आहे. तार किती बारीक असावी, पाळीवर नेमकी कोठें टोचावी, हें ज्याच्या बोटांस ठाऊक त्याच्याच हातीं तान्हें मूल द्यावें. पुढें मुंज, लग्न, डोहाळजेवण, प्रत्येक प्रसंगीं घरांत या मनुष्याची आठवण होत असे. आणि तरीही आपल्या घरच्या डब्यांतील दागिने ज्यानें घडविले त्याचें नांव विचारून पाहा. सराफाचें नांव आठवेल. सांगलीस गाडगीळांची पेढी १८३२ पासूनची हें पुष्कळांस ठाऊक असतें. घडविणाऱ्याचें नांव मात्र घरांतील वडील माणसांसही सांगतां येत नाहीं. चित्रकार चित्राखालीं सही करितो, कवि आपल्या कवितेंत नांव गुंफतो. दागिन्यावर फार झालें तर पेढीचा शिक्का. या बिननांवाच्या कलावंतास कल्पना सुचतात तरी कोठून, आणि त्या टिकतात तरी कशांत, याचा थोडा विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठीं आम्ही कडेगांवच्या मुलखापासून आरंभ करणार आहों.

हा मुलूख निवडण्यास कारण आहे. आज सांगली जिल्ह्यांत असलेलें कडेगांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत, खानापूर तालुक्यांत मोडत असे. १९४९ च्या ऑगस्टांत दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें, आणि पुढें कडेगांव हें स्वतःच तालुक्याचें ठाणें झालें. पश्चिमेस कृष्णाकांठ हिरवागार. परंतु सह्याद्रीवर रिता झालेला पाऊस या पूर्वेकडील माळांवर पोंचेपर्यंत थकलेला असतो. टेंभूच्या योजनेनें कृष्णेचें पाणी उपसून वर आणिलें तें अगदीं अलीकडे. तोंपर्यंत शाळू, बाजरी आणि नशीब यांवर सारी भिस्त. अशा मुलखांतून माणसें बाहेर पडतात. खानापूर, आटपाडी, कडेगांव, तासगांव या भागांतील शेतकऱ्यांचीं मुलें बाहेर पडलीं तीं एका विलक्षण धंद्यांत शिरलीं. तो धंदा म्हणजे गलाई.

गलाई म्हणजे सोन्याचांदीचें शुद्धीकरण. मोडका दागिना, कानशीचा कीस, सोनाराच्या दुकानांतील केर व राख, या सर्वांतून निखळ सोनें वेगळें काढावयाचें. अशुद्ध सोन्यांत सुमारें तिप्पट चांदी मिसळून तें वितळवितात, त्याचे बारीक तुकडे करितात व ते शोऱ्याच्या तेजाबांत, म्हणजे नायट्रिक आम्लांत, उकळतात. चांदी व तांबें विरघळून जातात आणि सोनें तपकिरी चुऱ्याच्या रूपानें तळाशीं उरतें. मग त्या द्रवांत तांब्याचे पत्रे सोडले कीं विरघळलेली चांदीही परत येते. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत जें वाचतांना विद्यार्थी जांभया देतात, तें या भागांतील तरुण चुलत्यामामाच्या हाताखालीं परक्या शहरांतील अरुंद गल्लींत बसून शिकले. आज देशांतील लहानमोठ्या शहरांच्या सराफकट्ट्यांवर विट्याकडचा गलाईवाला भेटतो; तेथील भाषा तो बोलतो, आणि गांवच्या यात्रेस न चुकतां परत येतो.

परंतु मुशीस वजन कळतें, कस कळतो. घडण कळत नाहीं. तीन पिढ्या गळ्यांत मिरविलेला साज असो कीं बाजारांत गठ्ठ्यानें विकला जाणारा फुटकळ आंकडा असो, मुशींत दोहोंचा रस एकच. यांत गलाईवाल्याचा दोष तिळमात्र नाहीं. दागिना त्याच्याकडे येतो तो कोणीतरी घरांतून काढून दिल्यावरच.

आतां त्या घडणीकडे वळूं. सोनाराच्या कल्पनांची वंशावळ पाहावयाची असेल तर दागिन्यांचीं नांवें एकदां मोठ्यानें उच्चारून पाहावीं. बोरमाळ, जोंधळी पोत, तांदळी पोत, जवमणी, कोयरी, केवडा, अनंत, मासोळ्या. हा दागिन्यांचा डबा कीं धान्याची कोठी आणि परसू? बोरमाळेचा मणी रानबोरासारखा. अगदीं वाटोळा तो नव्हेच, त्यास बोराचा तो किंचित लांबट घाट हवा. जोंधळी पोतेचा मणी जोंधळ्याच्या दाण्याएवढा, आणि कोल्हापुरी साजांत पानापानांमध्यें जे मणी ओवितात ते जवाच्या दाण्यासारखे, दोन्ही टोंकांस निमुळते. केवडा आणि अनंत हीं वेणीअंबाड्यांतलीं फुलें सांजेपर्यंत कोमेजून जात. म्हणून सोनारानें तींच सोन्याचीं केलीं. (चिंचपेटीच्या नांवांत चिंच आहे, पण पेटी असते मोत्यांची. या नांवाचा उलगडा वाचकभगिनींनीं आपापल्या आजीकडे मागावा.)

ज्या मुलखांत पाऊस बेभरंवशाचा, तेथें भरल्या कणसाइतकी देखणी वस्तु दुसरी कोणती असणार? शाळवाचा टपोरा दाणा सोन्यांत ओतण्याची कल्पना ज्यास प्रथम सुचली त्यानें शोभेसाठीं आकार शोधला नाहीं, मनांतील इच्छेस आकार दिला, असें आम्हांस वाटतें. ज्या घरांत दाणा नाहीं त्या घरच्या सुनेच्या गळ्यांतही चार दाणे असावे, आणि ते कीड न लागणारे असावे.

साजाची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. परंपरेनें त्याचीं पानें २१ मानितात: दहा अवतारांचीं, आठ अष्टमंगलाचीं, माणकाचें एक, पाचूचें एक, आणि एक ताईत. मासा, कासव, कमळ, शंख, चंद्र, नाग, भुंगा, बेलपान, वाघनख असे आकार त्यांत येतात. नखाएवढ्या जागेंत कासव उमटवावयाचें म्हणजे त्याच्या पाठीवरील चौकटी किती ठेवावयाच्या व किती गाळावयाच्या याचा निवाडा आधीं करावा लागतो. सर्वच रेघा काढल्या तर तें कासव न दिसतां मळकट ठिपका दिसतो; फार गाळल्या तर तो नुसताच मणी. काय गाळावें हें कळणें हीच या कामांतील प्रतिभा, आणि ती कोणत्याही शाळेंत न जातां पिढ्यानुपिढ्या बोटांतून बोटांत उतरली. साज हा मुख्यतः मराठा घराण्यांतला दागिना. आपल्याकडे मान चिंचपेटी, तन्मणी, नथ, बुगडी यांचा. साज घालण्याची चाल कित्येक घरांत नव्हती. ती वाटणी आतां राहिली नाहीं, आणि तें बरेंच झालें.

या घडणींतील आमच्या मतें सर्वांत मोठें कौतुक लाखेचें आहे. एक ग्रॅम सोन्याचा वर्ख ठोकीत गेलें तर तो सुमारें एक चौरस मीटर जागा झांकूं शकतो, इतकें तें सोशीक. दक्षिण महाराष्ट्रांतील सोनारानें या सोशिकपणाचा पुरा लाभ घेतला. तोळ्याच्या ९६ गुंजा. त्यांतील प्रत्येक गुंज ज्या घरांत मोजून खर्च होई, त्या घराला भरघोस दागिना हवा असे आणि भरघोस सोनें परवडत नसे. मग पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून त्यांत लाख भरण्याची युक्ति निघाली.

हा मणी होतो कसा तें पाहाण्यासारखें आहे. कांशाच्या ठोकळ्यावर लहानमोठ्या मापांच्या वाट्या कोरलेल्या असतात. पत्र्याची चकती वाटींत ठेवून वरून ठोकली कीं अर्धा मणी होतो. असे दोन अर्ध तोंडाशीं तोंड लावून, सवागी फांसून, डाख ठेवून निखाऱ्यावर धरावयाचे आणि फुंकनळीनें जाळ त्यावर वळवावयाचा. डाखाचें सोनें मण्याच्या सोन्यापेक्षां किंचित आधीं वितळतें. या ‘किंचित’ शब्दांत सारें शास्त्र आहे. शुद्ध सोनें १०६४ अंशांस वितळतें, भेसळीचें त्याच्या अलीकडे. पण सोनारापाशीं उष्णतामापक यंत्र नसतें. तापलेल्या धातूचा रंग हेंच त्याचें माप. म्हणून त्यास अंधारी ओटी प्रिय. लख्ख उजेडांत तो रंग ओळखूं येत नाहीं. एक श्वास कमी पडला तर सांधा बसत नाहीं, एक अधिक झाला तर मणीच बसतो. मग मणी साफ करून त्याच्या भोंकांतून ऊन लाख आंत भरावयाची, आणि ती थिजण्यापूर्वीं तापल्या सळईनें दोऱ्याची वाट मोकळी करावयाची. एकदां लाख आंत गेली कीं पुन्हां आंच दाखवितां येत नाहीं, कारण लाख पघळते. जें काय चुकावयाचें तें आधींच चुकलें पाहिजे! माळेंत असे पन्नाससाठ मणी आले तर तितक्यांदां हा प्रसंग.

लाखेचा दागिना म्हणजे कमअस्सल, असा समज सुशिक्षित घरांतही ऐकूं येतो. तो खरा नाहीं. लाख ही सोन्याच्या जागीं केलेली लबाडी नसून पातळ पत्र्यास दिलेला आधार आहे. तीमुळें मणी चेपत नाहीं आणि अंगावर हलका राहातो. मोडतांना लाखेचें वजन वजा होतें, हें गिऱ्हाइकासही ठाऊक असतें आणि सराफासही. थोड्या सोन्यांत पुष्कळ रूप आणणें ही दुष्काळी मुलखाची खास कला आहे. जेथें सोन्यास तोटा नाहीं तेथें ती सुचण्याचें कारणच पडत नाहीं.

सोनाराच्या मागोमाग पटवेकऱ्याचें नांव घेतलेंच पाहिजे. मणी घडले तरी ते गाठविल्याशिवाय दागिना होत नाहीं. ठुशीसारख्या बारीक मण्यांच्या दागिन्यांत तर रूप निम्में घडणीचें व निम्में गुंफणीचें. दोरा झिजला कीं बायका दागिने पुन्हां गाठवून घेत, आणि त्या निमित्तानें गळ्याच्या मापांत, गोंड्यांत, मण्यांच्या क्रमांत थोडा बदल होई. म्हणजे दागिना पुरा झाला असें कधीं होतच नसे. आजीच्या गळ्यांतली पोत नातीच्या गळ्यांत येतांना थोडी नातीची होऊनच येई.

माप हा या कलेचा दुसरा आत्मा. पंढरपूरच्या संत नरहरि सोनारांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ते कट्टर शिवभक्त. विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढावयाची नाहीं असा त्यांचा नेम. एका सावकारानें विठ्ठलासाठीं सोन्याचा करगोटा घडविण्यास सांगितला व माप आणून दिलें. करगोटा एकदां आंखूड झाला, एकदां लांब झाला. अखेर डोळ्यांस पट्टी बांधून ते स्वतः माप घेण्यास गेले. हातास शंकराचीं चिन्हें लागलीं म्हणून पट्टी काढली तर समोर विठ्ठल, आणि पुन्हां बांधली तर हातास शंकर. कथेचा भक्तिपर अर्थ कीर्तनकार सांगतातच. आम्हांस तीमधील सोनार मोठा गोड वाटतो: दुसऱ्यानें आणलेल्या मापावर दागिना बसत नाहीं, ज्याच्या अंगावर तो जावयाचा त्याच्या अंगास हात लावूनच तो घडवावा लागतो. एकाच मनगटासाठीं घडलेली पाटली आणि हजार मनगटांसाठीं पाडलेली बांगडी यांत जें अंतर आहे तें हेंच.

कागदावर आराखडा न काढतां मनांतल्या मापावर मोठें काम उभें करण्याची ही संवय या मुलखाच्या अंगीं एरव्हींही दिसते. कडेगांवचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत ज्यांनीं पाहिले असतील त्यांस निराळें सांगावयास नको. कळकांचे व रंगीत कागदांचे ते उंचच उंच मनोरे हिंदु व मुसलमान मिळून उभारितात. आधीं कळस व मग पाया अशी तेथील बांधणीची रीत सांगतात.

सोनाराच्या स्फूर्तीस परदेशाचेंही वावडें नव्हतें. पुतळ्यांची माळ आपण अगदीं घरची समजतों; परंतु मूळची पुतळी हें व्हेनिस शहराचें सोन्याचें नाणें. व्यापाराच्या ओघांत तें आपल्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मानवाकृति पाहून लोकांनीं त्यास पुतळी म्हटलें, शुद्ध सोनें म्हणून बायकांनीं तें गळ्यांत ओविलें, आणि पुढें सोनारानें परक्या आकृतींच्या जागीं लक्ष्मी आणून बसविली. व्हेनिसचें राज्य १७९७ सालीं लयास गेलें. पुतळ्यांची माळ अजून लग्नांत मिरवते.

आतां नांवाच्या प्रश्नाकडे. पश्चिमेकडे यंत्रांनीं एकसारखे दागिने पाडण्यास आरंभ केला तेव्हां तेथील कलावंत जागे झाले. पॅरिसांत रेने लालीक (१८६०–१९४५) यानें हिऱ्यांचा दिमाख बाजूस सारून शिंग, कांच व मिना यांतून चतुर आणि फुलें घडविलीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनानें त्याची कीर्ति जगभर पसरली. अमेरिकेंतील अलेक्झांडर कॅल्डर या शिल्पकारानें चांदीची व पितळेची तार हातोडीनें ठोकून, डाखाऐवजीं तारेचेच वेढे देऊन, सुमारें १,८०० दागिने स्वहस्तें केले. यांचे दागिने आज संग्रहालयांत आहेत. पितळेचें मोल तें काय? तरी कॅल्डरची पितळी माळ कोणी मोडीत घालणार नाहीं, कारण तिला कर्त्याचें नांव आहे. आमच्या सोनाराची बोरमाळ मात्र सोन्याची असूनही, किंबहुना सोन्याची आहे म्हणूनच, मोडीत जाते. चित्राच्या कापडाची किंमत कोणी वजनावर करीत नाहीं. सोनाराच्या कलेचें कापडच इतकें मोलाचें कीं त्यापुढें चित्र दिसेनासें होतें.

त्यांत आमच्या इकडे यंत्राआधीं कायद्यानें घाव घातला. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारींत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असतांना, सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचा दागिना घडविण्यास मनाई झाली. १४ कॅरटचें सोनें कठीण व हट्टी. लाखेवर चढेल असा मऊ पातळ पत्रा त्याचा सहजासहजीं निघत नाहीं. देशभर असंख्य सोनार बेकार झाले. कित्येकांनीं जीव दिला. १४ कॅरटचा दंडक पुढें मागें घेण्यांत आला, पण १९६८ सालीं नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. सत्तावीस वर्षें म्हणजे एक अख्खी पिढी. तेवढ्या अवधींत पुष्कळ सोनारांचीं मुलें दुसऱ्या उद्योगास लागलीं आणि हत्यारांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. कायदा गेला तेव्हां त्या खालीं काढणारे हात थोडे उरले होते.

राहिलेली जागा सांच्यानें व्यापिली. मेणाचा नमुना करून त्यावरून हवे तितके दागिने ओततां येतात. तो नमुनाही हल्लीं संगणकावर कोरितात. कोल्हापूरजवळील हुपरीस चांदीच्या पैंजणांचा धंदा घरोघर चालतो. एका घरीं तार, दुसऱ्या घरीं कड्या, तिसऱ्या घरीं जिल्हई, अशी कामाची वांटणी. धंदा म्हणून ती व्यवस्था उत्तम, पण पुरें पैंजण आपण केलें असें म्हणणारा मनुष्य तींत सांपडणें कठीण. २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर कसाची सरकारी खूण सक्तीची झाली. सहा अक्षरी अंकांची ती खूण पाहून कस कळतो, सराफ कळतो, तपासणारें केंद्र कळतें. गिऱ्हाइकाची फसवणूक टळली हें फारच चांगलें झालें. घडविणारा मात्र त्या खुणेंतही नाहीं.

पुण्यामुंबईस कलाशाळांतून शिकलेल्या कांहीं मुली स्वतःच्या नांवानें हातचे दागिने घडवूं लागल्या आहेत; कोणी चांदींत जुनी बोरमाळ नव्यानें आणतात, कोणी पितळेंत कोयरी. त्यांच्यापैकीं ज्या नुसतें चित्र काढून तें कारागिराकडे धाडतात त्यांच्या कामांत आणि ज्या स्वतः फुंकनळी तोंडास लावतात त्यांच्या कामांत फरक दिसतोच. २०२५ सालीं दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाख रुपयांपलीकडे गेल्यापासून हलक्या वजनाच्या दागिन्यांची विचारणा वाढली आहे. लाखेचा सोनार ज्या प्रश्नाचें उत्तर पिढ्यांपूर्वीं देऊन बसला होता तोच प्रश्न बाजारास आतां पडला आहे. फक्त उत्तर देण्यास तो सोनार जाग्यावर नाहीं. नव्या घडविणाऱ्यांस तें उत्तर शिकावयाचें तर जुना दागिना उलटा करून पाहाण्यावांचून दुसरें पुस्तक नाहीं, आणि त्या पुस्तकाची प्रत बहुधा एकच असते.

सारेंच जुनें जपावें असा आमचा आग्रह नाहीं. दुखण्याबाण्यास, मुलांच्या शिक्षणास, घरावर संकट आलें असतां उपयोगी पडावें म्हणूनच स्त्रीधन असतें, आणि त्यासाठीं तें मोडणाऱ्या बाईनें मनास लावून घेण्याचें कारण नाहीं. परंतु केवळ फॅशन जुनी झाली म्हणून, चार ग्रॅम घट सोसून, दुप्पट घडणावळ देऊन जेव्हां आपण सांच्यांतला हार घरीं आणतों, तेव्हां निदान काय दिलें हें तरी पाहून द्यावें. हाताची खूण ओळखणें अवघड नाहीं. जोडींतील दोन कुड्या शेजारीं ठेवाव्या. हाताच्या असतील तर त्या बहिणी दिसतील, सांच्याच्या असतील तर एकच कुडी दोनदां दिसेल. पाठीची बाजू पाहावी. सांधा कोठें लपविला आहे, फांसा कसा वळविला आहे, हें तेथें दिसतें.

आणि द्यावयाचेंच ठरलें तर एवढें करावें. दागिना पांढऱ्या कागदावर पसरून शिसपेन्सिलीनें भोंवतीं रेघ ओढावी, मण्यांची गणना करावी, पुढून व पाठीमागून छायाचित्र घ्यावें. खालीं वजन, तो कोणाच्या लग्नांतला, कोणत्या गांवीं घडविला, हें लिहावें. आणि घरांत कोणास आठवत असेल तर सोनाराचें नांव. आठवत नसेल तर त्या ओळीपुढें जागा मोकळी सोडावी. एकत्र कुटुंबांत कोणीतरी आत्याबाई किंवा थोरल्या काकू असतातच. दिवाळीस त्या घरीं आल्या म्हणजे तो कागद त्यांच्यापुढें ठेवावा.